निवड, बेरीज आणि ताळा
(पायथन भाषेतील पहिला उपयुक्त प्रोग्राम)

नाशिक येथील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकत्र येतात. त्या चौकात एक मनुष्य वही घेऊन उभा आहे आणि एका तासात एस. टी. च्या गाड्यांतून किती उतारू गेले, एवढेच त्यास नोंदवावयाचे आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या समोरून मालमोटारी, रिक्षा, दुचाक्या, मोटारी, टेम्पो असा अखंड प्रवाह चालला आहे. प्रत्येक वाहन समोर आले की तो मनाशी एकच प्रश्न विचारतो : ही एस. टी. आहे काय? उत्तर 'होय' असे आले तर तीतील उतारूंची संख्या तो मागील बेरजेत मिळवितो. 'नाही' असे आले तर वहीला हात न लावता पुढील वाहनाकडे पाहतो.

या साध्या कामात तीन क्रिया आहेत. समोरील वस्तू एकामागून एक घेणे, ही पहिली. प्रत्येकीस ठरलेला प्रश्न विचारून निवड करणे, ही दुसरी. निवडलेल्यांची बेरीज चालू ठेवणे, ही तिसरी. संगणकाच्या प्रोग्रामचा अभ्यास आरंभिणाऱ्यास जो पहिला खरोखर उपयोगी प्रोग्राम लिहावयास शिकवितात, तो बहुधा याच तीन क्रियांचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात इयत्ता ६ वी ते ८ वीच्या टप्प्यावर प्रोग्रामलेखनाचे उपक्रम योजावेत असे सुचविले आहे. आपल्या अनेक शाळांत हे वर्ग भरतात. म्हणून हा विषय शिक्षकांनी प्रथम स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे. त्यास गणिताचे मोठे ज्ञान लागत नाही. हिशेबाची शिस्त मात्र लागते, आणि ती प्राथमिक शिक्षकाच्या अंगी मुळातच असते.

(१) भाषेचा परिचय

पायथन ही संगणकास आज्ञा देण्याची एक भाषा आहे. ग्विदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या अखेरीस अ‍ॅम्स्टरडॅम येथे तिची रचना आरंभिली व १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. तिचे नाव अजगरावरून पडले नसून एका ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी मालिकेवरून पडले आहे. ही भाषा विनामूल्य मिळते आणि तिच्यातील आज्ञा थोड्या व सुटसुटीत आहेत. त्यामुळे नवशिक्यांसाठी ती पुष्कळ ठिकाणी निवडली जाते.

मराठी शिक्षकास तिची एक सोय विशेष उपयोगी पडेल. २००८ मध्ये निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून या भाषेत चलांना देवनागरी नावे देता येतात. 'हजर', 'एकूण', 'इयत्ता' ही नावे संगणक जशीच्या तशी स्वीकारतो. आज्ञाशब्द व प्रोग्राममधील अंक मात्र रोमन लिपीत व आंतरराष्ट्रीय रूपातच टंकित करावे लागतात. या लेखात ते वाचनाच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. 'फॉर' म्हणजे 'यांतील प्रत्येकासाठी', 'इन' म्हणजे 'यामधील', 'इफ' म्हणजे 'जर', 'एल्स' म्हणजे 'नाहीतर' आणि 'प्रिंट' म्हणजे 'दाखव', एवढे ध्यानात ठेविले म्हणजे पुढील मजकूर वाचण्यास अडचण पडणार नाही.

(२) उदाहरण : पोषण आहाराचा तांदूळ

उदाहरण शाळेतलेच घेऊ. शाळेतील मध्यान्ह भोजनाची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली व २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. तिच्या प्रमाणानुसार इयत्ता १ ली ते ५ वीच्या प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम व इयत्ता ६ वी ते ८ वीच्या प्रत्येक मुलासाठी १५० ग्रॅम धान्य धरावयाचे असते. म्हणजे सकाळी हजेरी झाली की शिक्षकास दोन गटांच्या दोन बेरजा हव्या असतात.

नमुन्यादाखल एका शाळेची एका दिवसाची हजेरी अशी समजू : १ ली १२, २ री ९, ३ री १४, ४ थी ११, ५ वी १०, ६ वी ८, ७ वी १३ आणि ८ वी ७. या आठ जोड्यांची यादी व पहिल्या गटाची बेरीज करणारा प्रोग्राम असा होईल :

नोंदी = [(१, १२), (२, ९), (३, १४), (४, ११), (५, १०), (६, ८), (७, १३), (८, ७)]
लहान = ०
फॉर इयत्ता, हजर इन नोंदी:
    इफ इयत्ता <= ५:
        लहान = लहान + हजर
प्रिंट(लहान)

पहिल्या ओळीत यादी आहे. प्रत्येक कंसात आधी इयत्ता व मग हजर मुलांची संख्या. दुसऱ्या ओळीत 'लहान' नावाची कोरी पाटी घेऊन तिच्यावर शून्य लिहिले. तिसरी ओळ यादीतील जोड्या एकामागून एक समोर आणते. चौथी ओळ प्रश्न विचारते : इयत्ता ५ किंवा त्याहून कमी आहे काय? असेल तरच पाचवी ओळ अमलात येते. सर्व जोड्या संपल्यावर शेवटची ओळ उत्तर दाखविते.

येथे दोन गोष्टींचा खुलासा आवश्यक आहे. बीजगणित शिकविणाऱ्या शिक्षकास 'लहान = लहान + हजर' ही ओळ खटकेल. समीकरण म्हणून ती अर्थशून्यच आहे. परंतु पायथनमध्ये हे चिन्ह 'समान आहे' असे सांगत नाही, तर 'उजवीकडील हिशेब करून तो डावीकडील पाटीवर लिही' अशी आज्ञा देते. जुना आकडा पुसून नवा लिहिणे, एवढाच तिचा अर्थ. दुसरी गोष्ट समासाची. ओळीच्या आरंभी सोडलेली मोकळी जागा ही या भाषेत शोभेसाठी नसते. जी ओळ आत सरकविली, ती तिच्या वरील आज्ञेच्या ताब्यात गेली. दर पायरीस चार मोकळ्या जागा सोडण्याचा प्रघात आहे. विद्यार्थ्यांस निबंधात समास सोडण्यास आपण शिकवितोच. येथे समास चुकला तर अर्थ बदलतो.

(३) पाटीवर चालवून पाहणे

प्रोग्राम संगणकावर घालण्यापूर्वी पाटीवर चालवून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी. एकेका इयत्तेनंतर 'लहान' या पाटीवर काय उरते ते लिहीत जावे. १ लीनंतर १२, २ रीनंतर २१, ३ रीनंतर ३५, ४ थीनंतर ४६, ५ वीनंतर ५६. पुढे ६ वी, ७ वी व ८ वी यांच्या वेळी अट खोटी ठरते, म्हणून पाटीवरील ५६ तसेच राहतात. छपन्न मुलांस १०० ग्रॅमप्रमाणे ५,६०० ग्रॅम, म्हणजे ५ किलो ६०० ग्रॅम धान्य.

पाटीवर असे चालविले म्हणजे नवशिक्यांच्या चुका सहज उमगतात. समजा, 'लहान = ०' ही ओळ चुकून 'फॉर' च्या आत गेली. मग प्रत्येक इयत्तेच्या वेळी पाटी पुसली जाईल. अखेरच्या ८ वीच्या वेळी ती पुन्हा शून्य होईल, ८ वी अटीत बसणार नाही, आणि उत्तर शून्य येईल. किंवा समजा, 'प्रिंट' ची ओळ 'इफ' च्या आत गेली. मग एका उत्तराऐवजी पाच उत्तरे येतील. संगणक यांपैकी कशाचीही तक्रार करीत नाही. त्यास जे सांगितले तेच त्याने केलेले असते.

(४) एका चिन्हाने दहा मुले

आता दुसऱ्या गटाची बेरीज करावयाची आहे. एखादा विद्यार्थी दोन अटी अशा लिहील : पहिल्या गटासाठी 'इयत्ता < ५' आणि दुसऱ्यासाठी 'इयत्ता > ५'. वाचताना दोन्ही अटी ठाकठीक वाटतात. प्रोग्राम बिनतक्रार चालतो. पहिल्या गटाचे उत्तर ४६ व दुसऱ्याचे २८ येते. दोन्ही आकडे विश्वास बसण्याजोगे आहेत. परंतु ५ वीची दहा मुले कोणत्याच गटात नाहीत. पाच हे पाचाहून लहान नाही व मोठेही नाही. त्या दहा मुलांचा एक किलो तांदूळ शिजलाच नाही.

उलट चूकही संभवते. पहिली अट 'इयत्ता <= ५' व दुसरी 'इयत्ता >= ५' अशी लिहिली तर ५ वी दोन्ही गटांत जाईल. पहिला गट ५६, दुसरा ३८. या खेपेस दहा मुलांचे धान्य दोनदा धरले गेले.

या दोन्ही चुका उत्तराकडे नुसते पाहून कळत नाहीत. त्या कळण्याचा मार्ग आपल्या वाडवडिलांच्या हिशेबात फार पूर्वीपासून आहे. तो म्हणजे ताळा. दोन्ही गटांची बेरीज करावी व ती परिपाठाच्या वेळी उभ्या मुलांची शिरगणती करून आलेल्या संख्येशी ताडून पाहावी. शिरगणती ८४ आहे. ४६ व २८ मिळून ७४ होतात, तेव्हा दहा मुले हरवली. ५६ व ३८ मिळून ९४ होतात, तेव्हा दहा मुले दोनदा मोजली. ५६ व २८ मिळून ८४ होतात, तेव्हा प्रत्येक मूल एकदा व एकदाच मोजले गेले.

म्हणून निवड व बेरीज शिकविताना केवळ निवडलेल्यांची बेरीज शिकवून थांबू नये. वगळलेल्यांची बेरीजही प्रोग्रामकडून करवून घ्यावी. त्यासाठी 'एल्स' ही आज्ञा आहे :

लहान = ०
मोठी = ०
फॉर इयत्ता, हजर इन नोंदी:
    इफ इयत्ता <= ५:
        लहान = लहान + हजर
    एल्स:
        मोठी = मोठी + हजर
प्रिंट(लहान, मोठी, लहान + मोठी)

या रचनेत अट एकदाच लिहिली जाते. जे मूल अटीत बसत नाही ते आपोआप दुसऱ्या गटात जाते. दोन अटींच्या फटीतून कोणी निसटू शकत नाही. उत्तर ५६, २८ व ८४ असे येईल. दुसऱ्या गटाचे धान्य १५० ग्रॅमप्रमाणे ४ किलो २०० ग्रॅम, आणि एकूण ९ किलो ८०० ग्रॅम.

एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. 'एल्स' मध्ये उरलेले सर्व काही जाते. यादीत ६ ऐवजी चुकून ६६ टंकित झाले तर तीही 'मोठी' मुलेच ठरतील. म्हणून यादीवर एकदा नजर फिरविण्याचे काम शिक्षकाकडेच राहते.

सरावलेले लोक हीच बेरीज एका ओळीत लिहितात : सम(हजर फॉर इयत्ता, हजर इन नोंदी इफ इयत्ता <= ५). 'सम' म्हणजे बेरीज. ही ओळ सुबक आहे, पण तीत वगळलेल्यांची बेरीज दिसत नाही. आरंभी लांब रीतच शिकवावी. पाटीवर ती चालविता येते.

(५) शून्य आणि कोरा रकाना

निवडीतील दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. शून्य आणि कोरा रकाना यांत भेद आहे. हजेरीपत्रकात शून्य असणे म्हणजे मोजणी झाली व कोणीही आले नव्हते. रकाना कोरा असणे म्हणजे मोजणीच झाली नाही. पायथनमध्ये कोऱ्या रकान्यासाठी 'नन' असे वेगळे मूल्य आहे. ते बेरजेत आले तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. नवशिक्यास हा अडथळा वाटतो आणि तो 'इफ हजर:' अशी अट घालून मोकळा होतो. प्रोग्राम चालू लागतो. परंतु या अटीने कोरे रकाने व शून्ये दोन्ही एकदमच गाळली जातात.

याचा परिणाम पाहावयाचा तर एका वर्गाची सहा दिवसांची हजेरी घेऊ : १०, ९, ०, १०, कोरा, ११. तिसऱ्या दिवशी मुसळधार पावसामुळे एकही मूल आले नाही. पाचव्या दिवशी नोंद घ्यावयाची राहिली. बेरीज कोणत्याही रीतीने केली तरी ४० च येते. सरासरी मात्र तीन निघतात. मोजणी झालेल्या पाच दिवसांनी भागल्यास ८. शून्यही गाळून चार दिवसांनी भागल्यास १०. कोऱ्यास शून्य समजून सहा दिवसांनी भागल्यास ६.६७. पहिली खरी. दुसरीत पावसाचा दिवस नाहीसा झाला आणि वर्ग आहे त्याहून बरा दिसला. तिसरीत न केलेल्या मोजणीचा दोष मुलांच्या माथी आला.

योग्य अट 'इफ हजर इज नॉट नन:' अशी लिहावी. तिचा अर्थ 'नोंद कोरी नसेल तर'. आणि 'एल्स' खाली कोऱ्या रकान्यांची मोजणी ठेवावी, म्हणजे सरासरीबरोबरच 'एका दिवसाची नोंद नाही' हेही कागदावर येईल. परीक्षेच्या गुणपत्रकात गैरहजर मुलापुढे आपण शून्य न लिहिता 'गै.' लिहितो, त्यामागे हाच न्याय आहे.

आपल्या जिल्ह्यात या भेदास विशेष महत्त्व आहे. पेठ, सुरगाणा या भागांतील कुटुंबे हंगामात द्राक्षबागांच्या व इतर कामांसाठी दिंडोरी, निफाडकडे जातात व मुलेही त्यांच्याबरोबर जातात. अशा मुलाच्या नावापुढील कोरे रकाने गाळून टाकले तर हिशेब स्वच्छ दिसतो, पण ते मूल कोणत्या गावी आहे व तेथे शाळेत जाते काय, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. वगळलेल्यांची यादी ही त्या मुलाच्या शोधाची पहिली पायरी आहे.

येथे ताळ्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. यादीतूनच काढलेली बेरीज यादीशी ताडून उपयोग नाही. जे मूल यादीतच नाही ते तीत दिसणार कसे? ताळ्याचा आकडा स्वतंत्र मोजणीतूनच यावा. म्हणून शिरगणतीचा आग्रह.

(६) अंक की अक्षरे?

विद्यार्थ्याने प्रोग्राम चालू असताना आकडा टंकित केला, तर संगणक तो प्रथम मजकूर म्हणून घेतो. मजकुराची बेरीज म्हणजे जोडणी. १२ व ९ मिळून २१ न होता १२९ होतात. तुलनाही शब्दकोशातील क्रमाप्रमाणे होते, म्हणजे पहिले अक्षर आधी पाहिले जाते. त्यामुळे मजकूर म्हणून १० हे ५ च्या आधी येते, आणि दोन्ही बाजू मजकूर असतील तर इयत्ता १० वी निमूटपणे लहान गटात जाऊन बसते. ८ वीपर्यंतच्या शाळेत ही चूक कधीच उघडकीस येणार नाही. उपाय सोपा आहे. आलेला मजकूर 'इंट' या आज्ञेने संख्येत बदलून घ्यावा. ही आज्ञा देवनागरी अंकांतील मजकूरही ओळखते, हे आपल्या विद्यार्थ्यांस सांगितल्यास त्यांस आनंद होईल.

(७) यंत्रावाचून पाठ

ज्या शाळेत संगणक नाही, किंवा असून वीज नाही, तेथेही हा पाठ घेता येतो. प्रत्येक मुलाच्या हाती इयत्ता व हजर संख्या लिहिलेला कागद द्यावा व मुलांस रांगेत उभे करावे. ही झाली यादी. दारात एक विद्यार्थी उभा करावा. तो 'इफ'. त्याने ठरलेला एकच प्रश्न विचारावा. दुसरे काही बोलू नये. दाराच्या आत एक पाटी व बाहेर दुसरी पाटी घेतलेली दोन मुले बसवावी. आत गेलेल्यांची बेरीज एक करील व बाहेर राहिलेल्यांची दुसरा. शेवटी दोन्ही पाट्या शेजारी ठेवून सर्व वर्गाने ताळा पाहावा. नंतर मुद्दाम प्रश्न बदलून 'पाचाहून लहान आहेस काय?' असा विचारावा व बेरीज पुन्हा करावयास लावावी. कोणाचा कागद कुठे गेला हे मुले स्वतः शोधून काढतील.

पुढचा स्वाध्याय म्हणून रस्त्यालगतच्या शाळांनी सुरक्षित जागी बसून अर्धा तास वाहनांची नोंद करावी व निरनिराळ्या अटींनी बेरजा काढाव्या. रस्त्यांच्या वाहनगणनेच्या तक्त्यात सायकल व बैलगाडी यांसही रकाना असतो, हे येथे सांगावे. केवळ मोटारी मोजल्या तर त्या रस्त्यावर सायकलस्वार नाहीतच, असा निष्कर्ष कागदावरून निघेल. मग पायी जाणाऱ्यांसाठी रकाना ठेवावा काय, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा आणि मुलांनाच ठरवू द्यावे.

बेरीज संगणक करतो आणि ती चुकत नाही. अट मात्र माणूस लिहितो. कोणास मोजावयाचे व कोणास वगळावयाचे हा निर्णय त्या एका ओळीत असतो, आणि त्याची जबाबदारी ती ओळ लिहिणाऱ्याची असते. शिक्षकबंधुभगिनींनी हा प्रोग्राम शिकविताना प्रत्येक निवडीखाली दोन ओळी लिहिण्याचा परिपाठ ठेवावा : 'वगळलेले किती?' आणि 'ताळा जुळला काय?' ज्या वर्गात हे दोन प्रश्न सवयीने विचारले जातात, तेथील मुले पुढे कोणत्याही कचेरीत बसली तरी त्यांच्या हिशेबातून ५ वीची दहा मुले उपाशी राहणार नाहीत.